‘आम्ही तेराव्या वर्षी लेथवर उभे राहिलो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रियेत तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण साठी ओलांडल्याचं आणि तीस वर्षं स्वतःचं वर्कशॉप चालवत असल्याचं लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. उत्तराला आठवडा लागला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता, आणि रागात लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी खोडतो. तसं ते खोडलं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी काकांचं म्हणणं सांगतो. शिकता शिकता काम करणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात की ते स्वतः तेराव्या वर्षी लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर) उभे राहिले आणि म्हणूनच आज चार घरं त्यांच्या जिवावर चालतात. वयाचे कायदे करणाऱ्यांनी कधी हात काळे केलेले नसतात, आणि त्या कायद्यांपायी गरिबाच्या पोराला धंदा शिकवणारा माणूस गुन्हेगार ठरतो. तसेही ते कायदे कागदावरच राहतात. अपघात वयामुळे होत नाहीत, बेफिकिरीमुळे होतात. पोरांना ट्रेनिंग द्या, विषय संपला. कॉलेजातून आलेला इंटर्न म्हणजे बालमजूर नाही, मी दोन्हींची खिचडी केली. आणि शेवटी: ‘माझ्याकडे सुट्टीत दोन पोरं येतात, एक सोळाचा, एक सतराचा. उद्यापासून घरी बसवू का त्यांना?’

खिचडी केली, हे मान्य. त्या लेखात मी एके ठिकाणी ‘अठरा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं बेकायदा’ असं सरसकट लिहून गेलो. ते चूक होतं, आता दुरुस्त केलंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा १३८ क्रमांकाचा करार आहे, बहुतेक देशांचे कायदे त्याच्याच वळणाने जातात. त्यात तीन पायऱ्या आहेत. शाळेच्या आड न येणारं हलकं काम १३ व्या वर्षापासून, नेहमीचं काम १५ पासून, आणि आरोग्याला, जिवाला धोका असलेलं काम १८ पासून. विकसनशील देशांना पहिल्या दोन पायऱ्या एकेका वर्षाने खाली आणायची मुभा होती, तिसरी मात्र जागची हलत नाही. फार तर १६ वर, नीट प्रशिक्षण आणि पूर्ण संरक्षण असेल तरच, काही सूट. पुढे १९९९ साली १८२ क्रमांकाचा करार आला, बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांबद्दलचा. त्याला २०२० पर्यंत संघटनेच्या सगळ्या, म्हणजे १८७ सदस्य देशांनी मान्यता दिली. सगळ्यांनी सही केली असा तो या संघटनेचा पहिलाच करार. भारताच्या १९८६ च्या कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीनंतर ढोबळमानाने हेच आहे: १४ च्या आत कामाला ठेवायचं नाही (शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावला तर चालतो, तो धंदा धोक्याचा नसला तर), आणि १४ ते १८ मध्ये धोकादायक कामावर नाही.

म्हणजे तुमची दोन्ही पोरं कामाला येण्याच्या वयाची आहेत. त्यांना कुठल्या मशीनपाशी उभं करता, एवढाच वाद आहे. त्याकडे येतोच, पण आधी एक राहून गेलेलं.

‘याने जन्मात मशीनला हात लावला नसेल,’ असं तुम्ही लिहिलंय. लावलाय, काका. अकरावीच्या सुट्टीत, सोळाव्या वर्षी, एका छापखान्यात. कागद कापायच्या मशीनवर मिस्तरींच्या हाताखाली पोऱ्या म्हणून. तुम्हाला ते मशीन ठाऊक असेल. रीमच्या रीम एका फटक्यात कापणारी पाती वरून खाली येते. ती खाली आणायला दोन बटणं असतात, एकमेकांपासून चांगली हातभर लांब, आणि दोन्ही एकदम दाबून धरावी लागतात. कुणीतरी डोकं लावून केलेली सोय आहे ती. दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली हात उरतच नाही.

आमच्याकडे डावं बटण पुठ्ठ्याची घडी कोंबून, वर चिकटपट्टी गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. मिस्तरींचा डावा हात मोकळा राहायचा, त्याने ते कागदाची थप्पी सरळ करायचे. उजवं बटण माझ्याकडे. त्यांनी ‘हां’ म्हटलं की दाबायचं. दिवसातून शेकडो वेळा ‘हां’, फटका, ‘हां’, फटका. काम झपाझप व्हायचं, मालक खूश असायचे.

तिसऱ्या आठवड्यात मागे कुणीतरी फोनवर बोलता बोलता ‘हां’ म्हणालं. मी दाबलं. मिस्तरींचा हात त्याच क्षणी बाहेर येत होता म्हणून हात वाचला. कागदाच्या कपच्यांबरोबर त्यांच्या शर्टाच्या बाहीची बोटभर रुंद पट्टी खाली पडली, इतकी सरळ कापलेली की शिंप्यालाही जमणार नाही. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘लक्ष कुठंय तुझं?’ मी म्हटलं, ‘चुकलं.’ पाच मिनिटांनी पुन्हा ‘हां’, फटका.

माझं लक्ष नव्हतं, ही माझी बेफिकिरी, असं मी पुढे कित्येक वर्षं मानत आलो. मिस्तरीही तसंच मानत होते, आणि माणूस वाईट नव्हता, मला डब्यातलं अर्धं द्यायचा. तुमच्या ‘बेफिकिरी’ या शब्दाशी मी आठवडाभर अडलो तो या बाहीच्या पट्टीमुळे. अपघाताच्या वहीत नोंद झाली असती तर कारण काय लिहिलं असतं? ‘हेल्परचा निष्काळजीपणा.’ पुठ्ठ्याच्या घडीचं नाव कुठेच आलं नसतं. ती तर मी यायच्या आधीपासून तिथे होती.

आणि ती मला पहिल्या दिवशीच दिसली होती! दोन बटणं आहेत आणि एक बांधलंय हे कळायला इंजिनियर लागत नाही. पण सोळाव्या वर्षी, ज्यांच्याकडून शिकायचंय त्या माणसाला ‘हे असं का बांधलंय?’ म्हणून विचारायची माझी छाती नव्हती. कामावरच्या पोराचं वय मला इथे नडतं. बुद्धी कमी असते म्हणून नव्हे, पोरं तर आपल्यापेक्षा चटकन शिकतात. पण त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. त्याला वाटतं सगळे असंच करत असणार, विचारलं तर भित्रा ठरेन, उद्यापासून येऊ नको म्हणतील. वयाची अट म्हणजे त्याच्या वतीने आधीच कुणीतरी म्हणून ठेवलेलं ‘नाही’.

आता ट्रेनिंग. मी ट्रेनिंगच्या विरोधात नाही, पोटापाण्यासाठी गेली काही वर्षं मी तेच देतो. पण सुरक्षेच्या कामात उपायांची एक उतरंड असते आणि ट्रेनिंग त्यात बरंच खाली येतं. धोकाच काढून टाकता येतो का ते आधी बघायचं, मग कमी धोक्याचं काही वापरता येतं का, मग जाळी, गार्ड, दोन बटणांसारखी बांधणी, त्यानंतर नियम आणि ट्रेनिंग, सगळ्यात शेवटी हातमोजे-चष्मे. कारण साधं आहे: गार्डला झोप येत नाही. सोळा-सतराच्या मुलाला येते, आणि भरपूर येते. त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, रात्री लवकर झोप लागत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. त्याला आपण आळस म्हणतो. कॉलेज आणि उशिरापर्यंतची शिफ्ट दोन्ही करणारा मुलगा कमी झोपेवरच मशीनपुढे उभा असतो. हाडांच्या टोकांची वाढ चालू असते, तिथे इजा झाली तर वाढ बिघडू शकते. हातमोजे, मास्क, उभं राहायची उंची, लिव्हरचं अंतर, सगळं मोठ्या माणसाच्या मापाचं. यंत्रापुढच्या जाळीची भोकं केवढी आणि पातं तिच्यापासून किती लांब, यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यातसुद्धा १४ वर्षांवरच्यांचा तक्ता वेगळा आणि लहान मुलांचा वेगळा. बोट बारीक असलं की ते जास्त आत जातं, एवढंच.

शिवाय नवखेपणा असतो. नव्या जागी पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका सगळ्यात जास्त असतो, हे पन्नाशीच्या माणसालाही लागू आहे. पण सुट्टीत येणारं पोरगं दर वर्षी नव्यानेच येतं. त्याचा पहिला महिना संपेपर्यंत सुट्टी संपलेली असते.

‘कायदे कागदावरच राहतात’ हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. फक्त त्यातून निष्कर्ष तुम्ही काढलात त्याच्या उलटा निघतो, असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये धुराडी साफ करायला लहान मुलांना आत चढवायचे. काजळीमुळे त्यांना मोठेपणी कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ सालीच लिहून ठेवलं होतं. १७८८ मध्ये कायदा झाला, आठ वर्षांखालचा मुलगा ठेवायचा नाही. कुणी ऐकलं नाही. १८३४ मध्ये दुसरा. १८४० मध्ये तिसरा, २१ वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायचं नाही. १८६४ मध्ये चौथा. पोरं चढतच राहिली. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळ फुलबर्नच्या इस्पितळाचं धुराडं साफ करताना आत अडकला. भिंत फोडून त्याला काढलं, पण तो वाचला नाही. त्याच्या मालकाला सक्तमजुरी झाली आणि त्याच वर्षी पाचवा कायदा आला. त्यात नवं एकच होतं: धुराडी साफ करणाऱ्या प्रत्येकाने दर वर्षी पोलिसांकडून परवाना घ्यायचा. तिथे ती प्रथा संपली. सत्त्याऐंशी वर्षं आणि पाच कायदे, आणि कामी आला तो परवान्याचा कागद.

गिरण्यांचंही तसंच. १८०२ च्या कायद्याने शिकाऊ मुलांचं काम दिवसाला १२ तासांवर आणलं, पण तपासणी स्थानिक लोकांच्या मर्जीवर सोडली, फारसं कुणी फिरकलं नाही. १८३३ च्या कायद्याने पहिल्यांदा पगारी निरीक्षक नेमले. सगळ्या देशाला चार! तेव्हा इंग्लंडात सरकारी जन्मनोंदणी नव्हती, ती १८३७ साली सुरू झाली, त्यामुळे मूल नऊचं की तेराचं हे आधी उंचीवरून आणि मग दात मोजून ठरवायचे. एका दंतवैद्याने १८३७ मध्ये त्यावर पुस्तिकाच लिहिली. घोड्याचं वय बघावं तसं. हसू येतं, पण त्या चार माणसांनी लिहिलेल्या अहवालांवरूनच पुढे १८४४ मध्ये यंत्रांना कुंपण घालायची सक्ती झाली, आणि चालू यंत्र मुलांकडून साफ करून घ्यायला बंदी आली.

हे शेवटचं लक्षात ठेवा, काका, कारण १७९ वर्षांनी, २०२३ साली, अमेरिकेत त्याच्याच जवळपासचं सापडलं. रात्री कत्तलखाने धुणाऱ्या एका कंपनीने आठ राज्यांतल्या तेरा कारखान्यांत १३ ते १७ वयाची किमान १०२ मुलं कामाला ठेवली होती. कंपनीला १५ लाख डॉलर दंड झाला. त्यातलं एक चौदा वर्षांचं मूल रात्री ११ ते पहाटे ५ मांस कापायची यंत्रं धुवायचं, त्याला रसायनांनी भाजलं होतं आणि दिवसा ते वर्गात झोपायचं. शाळेच्या हजेरीत ते विद्यार्थीच होतं. म्हणूनच ‘विद्यार्थी वेगळा, मजूर वेगळा’ ही तुमची विभागणी मला पुरती पटत नाही. एकच पोर दोन्ही असतं.

इंटर्नच्या बाबतीत तर ती विभागणी त्याच्याच अंगावर येते. १३८ क्रमांकाच्या ज्या कराराचे मी एवढे गोडवे गायले, तोच शाळेत आणि प्रशिक्षण संस्थेत शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या कामाला लागू होत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री उशिरा एकटीच लेथवर काम करत होती. केस फिरत्या भागात ओढले गेले, ती गेली. वयाने ती सज्ञान होती, हुशार होती. सरकारी तपासणी झाली, लेथला पुरेसे गार्ड नव्हते असं तपासनिसांनी विद्यापीठाला लिहिलं. पण ती कर्मचारी नव्हती, विद्यार्थिनी होती, म्हणून कामगार-सुरक्षेच्या कायद्याखाली दंड करता आला नाही. तोच लेथ, तेच केस. पगारपत्रकावर नाव असतं तर कायदा लागू झाला असता.

तुमच्या मूळ मुद्द्याला अजून हात लावलेला नाही: मी शिकलो, तरलो, मग त्यांना का अडवता? यावर वाद घालण्यापेक्षा एक खटला सांगतो. १९१६ मध्ये अमेरिकेत बालमजुरीविरुद्धचा पहिला देशव्यापी कायदा आला. ज्या कारखान्यात चौदाच्या आतली मुलं कामाला आहेत, किंवा चौदा ते सोळाची मुलं आठ तासांहून जास्त राबतात, त्याचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायला बंदी. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथल्या कापडगिरणीत रोलंड डॅगनहार्ट आपल्या दोन मुलांबरोबर कामाला होता. एक मुलगा चौदाच्या आतला, एक सोळाच्या आतला. बापाने दावा लावला की हा कायदा माझ्या मुलांची कमाई हिरावतो. मागे गिरणीमालक होते, वकील त्यांचेच. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला, पाच विरुद्ध चार मतांनी. मुलांना काम करायचं स्वातंत्र्य मिळालं.

काही वर्षांनी एक पत्रकार त्या मुलांपैकी एकाला, रूबेनला, शोधत गेला. तो विशीचा झाला होता, लग्न झालेलं, वजन १०५ पौंड, म्हणजे ४८ किलोच्या आसपास. त्याला विचारलं, खटला जिंकून तुला काय मिळालं? एकदा मोटारीतून फिरवलं आणि कोकाकोला पाजला, असं त्याचं उत्तर होतं. शाळा राहून गेली, शिकलो असतो तर बरं झालं असतं, आणि धाकट्या बहिणीला मी कामाला जाऊ देणार नाही, हेही म्हणाला. देशभर लागू होणारा आणि टिकणारा कायदा अमेरिकेत १९३८ साली आला, तोवर रूबेनचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुम्ही तरलात याचा मला मनापासून आनंद आहे. तुमच्याबरोबर त्या वर्षी त्या वर्कशॉपात आणखी किती पोरं होती आणि त्यांचं काय झालं, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. आठवत असेल तर लिहा.

आता तुमची दोन पोरं. नका बसवू घरी. एक गोष्ट तुम्हाला आवडेल: अमेरिकेची धोकादायक कामांची यादी जगातल्या तपशीलवार याद्यांपैकी एक, आणि तीत लेथ, ड्रिल, मिलिंग सोळा पूर्ण झालेल्यांना वर्ज्य नाहीत. वर्ज्य आहेत पॉवर प्रेस (पत्रा दाबून आकार देणारं यंत्र), पत्रा कापायचं शिअरिंग मशीन, वाकवायची मशीनं, फोर्कलिफ्ट. चालवणं तर नाहीच, अडकलेलं काढणं आणि साफ करणंही नाही. पोरांच्या हाती ही ‘किरकोळ’ कामंच येतात. २०२३ मध्येच विस्कॉन्सिनमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा लाकूड कारखान्यात असंच अडकलेलं सोडवायला गेला आणि जिवाला मुकला. तुमच्या भागातली यादी याहून कडक असू शकते. ती काढून एकदा वाचा, दोन पानांचं काम आहे.

यादीत नाही म्हणून लेथ निर्धास्त नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण एक सांगतोच, कारण ट्रेनिंगला जातो तिथे हमखास दिसतं: नव्या पोराला काळजीपोटी हातमोजे दिले जातात आणि तो ते घालून फिरत्या जॉबजवळ, म्हणजे मशीनवर फिरणाऱ्या तुकड्याजवळ, जातो. मोजा पकडला गेला की हात आत. लेथवर मोजे नकोत, बाह्या कोपराच्या वर, केस बांधलेले, गळ्यात काही नको. चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) चावी तशीच ठेवून पाठ फिरवायची नाही. पहिला महिना एकट्याने मशीन चालू करायचं नाही. पहिल्याच दिवशी इमर्जन्सी बटण नुसतं दाखवू नका, चालू मशीन त्याच्याकडून दहा वेळा बंद करून घ्या, हाताला सवय लागेपर्यंत. सहा वाजता घरी पाठवा, ऑर्डर अडली असली तरी. आणि आठवड्यातून एकदा त्याला विचारा, ‘कुठल्या मशीनची भीती वाटते?’ ‘कशाचीच नाही’ म्हणाला तर पुन्हा विचारा.

आणि एक, ते यायच्या आधी. वर्कशॉपात एक चक्कर मारा. कुठे एखादं बटण, एखादा लिमिट स्विच (ठरावीक जागी मशीन थांबवणारा), एखादं गार्ड कुणी चिंधीने, टेपने, पुठ्ठ्याने बांधून ठेवलंय का बघा. तीस वर्षांच्या जागेत एखादं निघेलच, बांधणारेही बहुधा तुम्हीच असाल. सापडलं तर मला कळवा, नाव नका लिहू.